सरडा, पाल आणि पहिले शील

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावासाचे कार्यक्रम होतात. पण हा नियम झाला कशामुळे, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते. पावसात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत व बारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी हा नियम घालून दिला, असे विनयपिटकात आले आहे. नेमक्या याच दिवसांत आपल्या वस्तीत गोगलगायी, बेडूक, मृगाचे तांबडे किडे बाहेर पडतात आणि मुले दगड शोधू लागतात! सकाळी पंचशील म्हणणारा मुलगा दुपारी सरड्याच्या गळ्यात दोरा बांधतो. पहिले शील त्याला पाठ आहे. त्यातील प्राणी म्हणजे हाच सरडा, हे त्याला कोणी दाखविलेले नाही.

उदान या पाली ग्रंथात एक प्रसंग आहे. श्रावस्ती व जेतवन यांच्या दरम्यान काही मुले माशांना छळत होती. भगवंत त्यांच्याजवळ गेले व त्यांनी विचारले की, तुम्हांला दुःखाचे भय वाटते काय? ते तुम्हांला नकोसे आहे काय? मुले 'होय' म्हणाली. उपदेश त्यानंतर आला. आम्हांस हा क्रम फार मोलाचा वाटतो. आपण मात्र आधी धपाटा घालतो आणि प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

मुलाला सरड्याजवळ, पण चार हात दूर, बसवावे. विणीच्या काळात नराचा गळा लाल होतो, हे दाखवावे. पालीची शेपटी तुटते ती शत्रूला चकवून पळण्यासाठी, व पुन्हा वाढते. आपल्या घरातील पाल विषारी नसते. तिचे चुकचुकणे हा तिचा आवाज आहे, शकुन नव्हे. 1956 साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरांतही हा शकुन अजून मानला जातो, याचे आम्हांस नवल वाटते.

सापाची गोष्ट निराळी. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी. परंतु ही पारख मुलांनी करू नये. दूर उभे राहून मोठ्यांना हाक मारावी, मोठ्यांनी सर्पमित्रास बोलवावे. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठावा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला आहे. मोठ्या मुलांना तो याच ठिकाणी समजावता येतो, कारण कुंपणाकडे निघून चाललेल्या धामणीला काठी मारण्याची गरज कोणती, याचे उत्तर त्यांना स्वतःलाच शोधावे लागते.

विहारातील मुलांच्या वर्गात दर रविवारी पंधरा मिनिटे यासाठी ठेवावीत. आठवड्यात कोणता जीव पाहिला, तो काय खात होता, आपली चाहूल लागताच त्याने काय केले, हे मुलांनी सांगावे. चित्र काढून आणले तर उत्तमच. काडेपेटीत कोंडून आणलेला किडा मात्र वर्गात ठेवू नये. जेथून आणला तेथे, त्याच मुलाच्या हातून, सोडून यावा.