जिप्सी उचलली, आता स्टिअरिंग ओढतं

प्रश्न : जुन्या जिप्सीला 3 इंच लिफ्ट दिली. देवरीच्या जंगलवाटेवर खड्डा आला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. ड्रॅग लिंक फ्लिप करावी का?
– एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : लिंकचं टोक चाकाकडच्या आर्मला खालून बसलेलं असेल, तर जरूर करा. लिफ्टमुळे लिंक तिरकी झाली. स्प्रिंग दबली की लिंकच चाकं ढकलते. टोक वरून बसवलं की तिरकेपणा घटतो.

खरी मेख आर्मच्या भोकात आहे. ते निमुळतं असतं, त्यामुळे टोक नुसतं उलटं करून घट्ट बसत नाही. भोक रीमरने मोठं करून फ्लिप किटमधली टेपर बुश बसवा. तिथे वेल्डिंग अजिबात नको! नटाला नवी स्प्लिट पिन घाला. मग स्प्रिंग पूर्ण दाबून, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून लिंक कुठे घासते का पाहा. घासली, तर गाडी बाहेर काढू नका.