न लिहिलेला अर्थ वाचताना

‘सुमनने दाराशी येताच छत्री मिटली. ती कोपऱ्यात उभी केली आणि आईला हाक मारली.’ एवढा मजकूर चौथीतील मुलांपुढे ठेवून बाहेर हवा कशी होती असे विचारले, तर पुष्कळ मुले ‘पाऊस पडत होता’ असे सांगतील. मजकुरात पाऊस हा शब्द कोठेही नाही. मुलांनी छत्री ही खूण मजकुरातून घेतली, छत्री केव्हा लागते हे अनुभवावरून जाणले आणि दोहोंची सांगड घातली. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रातील उदाहरण प्रसिद्धच आहे. वाचतानाचे अनुमान त्याच जातीचे होय.

परंतु जैसलमेरच्या शाळेतील एखादे मूल ‘कडक ऊन होते’ असे उत्तर देईल. हे उत्तर चूक ठरवता येईल काय? येथवरच्या मजकुराशी ते पूर्णपणे सुसंगत आहे. शिक्षकाने ‘चूक’ म्हणून त्यास खाली बसविले, तर पुढच्या वेळी ते मूल विचार करणार नाही. शिक्षकाच्या मनातील उत्तर कोणते, एवढेच ते ओळखू पाहील. त्याऐवजी ‘असे तुला कशावरून वाटले?’ असे दोन्ही मुलांना विचारावे आणि मग पुढील वाक्य वाचावे : ‘थोड्याच वेळात कोपऱ्यात पाण्याचा ओघळ आला.’ आता उन्हाचा तर्क टिकत नाही, हे मुलाला स्वतःच उमगते. नवी खूण मिळताच जुने अनुमान बदलावे लागते, हा धडा त्याला कोणीही न सांगता मिळतो.

हीच रीत गोष्टीलाही लावता येते. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ (1933) या कथेत लहानगा हमीद जत्रेतून आजीसाठी तीन पैशांचा चिमटा आणतो. ‘चिमटा कितीला घेतला?’ या प्रश्नाचे उत्तर पानावर बोट ठेवून दाखविता येते. अशा प्रश्नाने वाचन झाले की नाही हे कळते. समजले की नाही हे कळत नाही. हमीदचे वडील वारले आहेत, पण ते पैसे मिळवावयास गेले आहेत असेच त्याला सांगितलेले आहे. ‘आजीने त्याला खरे का सांगितले नाही?’ असे विचारले, तर मुलांना त्याचे वय, घरातील दारिद्र्य आणि त्याला एकट्याला जत्रेस पाठविताना आजीच्या जिवाची होणारी घालमेल, या साऱ्या खुणा पुन्हा शोधाव्या लागतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनुमान म्हणजे मनास येईल ती कल्पना नव्हे. ‘आजी दुष्ट होती’ असे एखाद्याने म्हटल्यास त्याला आधाराचे वाक्य दाखवावयास सांगावे. तसे वाक्य सापडत नाही, हे तो स्वतःच पाहील.

आरंभी शिक्षकाने मोठ्याने वाचावे, मध्येच थांबावे आणि आपला तर्क कसा चालला आहे ते बोलून दाखवावे. पुढे हे काम मुलांकडे सोपवावे. प्रश्न विचारल्यानंतर मात्र थोडा वेळ गप्प राहावे. वर्गातील ही शांतता शिक्षकाला अवघड वाटते. परंतु मुलांचा विचार याच वेळात चाललेला असतो.