पेव आणि पिट : एका खड्ड्याचा अभ्यास

दुसऱ्यासाठी खड्डा खणू नये, नाही तर आपणच त्यात पडतो, हे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे. आम्ही मात्र गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी घरीच एक खड्डा खणला, आणि त्यात पडण्याची वेळ खरोखरच माझ्यावर येता येता टळली. कला शाखेच्या विद्यार्थ्याने गॅरेजच्या खड्ड्यावर लेख लिहावा हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु लोकसंस्कृतीच्या तासाला जे नीट कळले नव्हते ते मला या खड्ड्याने शिकविले. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे गाव माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आमच्याच गावाजवळ आहे. घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे, छोटेसे गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, मालवाहू टेम्पो, क्वचित एखादी मोटार, अशी गिऱ्हाइके. ऑइल बदलणे, ग्रीस मारणे, पाटे काढणे, सायलेन्सर बसविणे ही सारी कामे गाडीच्या पोटाखालची. दादा ती जॅक लावून, जमिनीवर पोते अंथरून करीत असे. दोन वर्षांपूर्वी भुसभुशीत जमिनीत जॅक कलंडला आणि गाडी खाली बसली. दादा त्या क्षणी पाना घेण्यासाठी बाहेर सरकलेला होता, एवढेच नशीब. त्या दिवसापासून आईने एकच धोशा लावला, "गाडीखाली निजायचं नाही." गाडीखाली निजायचे नसेल तर गाडीखाली उभे राहायला हवे, आणि त्यासाठी खड्डा हवा. गॅरेजच्या भाषेत यालाच पिट म्हणतात.

जागा आणि माप

प्रथम जागेचा प्रश्न आला. दादाला पिट घराच्या भिंतीलगत हवा होता, म्हणजे दिव्याची तार जवळ पडेल. आमच्या गवंडीमामांनी ते साफ नाकारले. पायाशेजारी पायापेक्षा खोल खोदले की पायाखालची माती खड्ड्याकडे सरकू पाहते. खड्डा जितका खोल, निदान तितके अंतर भिंतीपासून सोडावे, असा त्यांचा साधा हिशेब. आम्ही 7 फूट अंतर सोडले.

मापे ठरविताना मला प्रथमच कळले की पिटचे माप गाडीवरून आणि माणसावरून निघते. जुन्या जीपच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर सुमारे 49 इंच असते. त्यातून टायरची सुमारे 6 इंच रुंदी वजा केली की 43 इंच मोकळे राहतात. पिट 32 इंच रुंद ठेवला तर दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच इंचांची सूट मिळते. खोलीचे गणित असेच. दादाची उंची 5 फूट 6 इंच आणि जीपचे पोट जमिनीपासून सुमारे 8 इंच वर. म्हणून 5 फूट खोलीत तो ताठ उभा राहू शकतो. ट्रॅक्टरचे पोट अधिक उंच असते, तेव्हा हात पोहोचावेत म्हणून तळाशी जाड फळ्या टाकून त्यांवर उभे राहायचे. लांबी 15 फूट, त्यातील 4 फूट पायऱ्यांना. गाडी पिटवर उभी राहिली की पायऱ्यांचे तोंड झाकले जाण्याचा संभव असतो. यासाठी दुसऱ्या टोकाला भिंतीत लोखंडी कड्या बसवून वर येण्याची आणखी एक वाट ठेवली. दोन वाटांचा हा नियम दादाला खर्चिक वाटला होता, पण आईच्या आग्रहापुढे त्याचे चालले नाही. तीनचाकी रिक्षा मात्र अशा पिटवर घेता येत नाही. तिचे पुढचे चाक नेमके मध्यभागी येते!

काळी माती

आपल्या दख्खनच्या पठाराचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर. तो झिजून वर काळी माती तयार झाली. ज्वारी, तूर, हरभरा या मातीत उत्तम येतात, पण बांधकामाला ती बेभरवशाची. तिच्यातील बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. पिटच्या भिंतीला ही माती पावसाळ्यात आत ढकलते आणि उन्हाळ्यात तिच्यापासून सुटते. दरवर्षीची ही ओढाताण साध्या भिंतीला सोसत नाही.

आमच्याकडे 3 फुटांवर मुरूम लागला. 4 फूट खोदून झाले त्या रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी पाहतो तो एका बाजूची माती ढासळून खड्ड्यात आलेली. आदल्या दिवशी दुपारी खोदणारे दोघे त्याच जागी सावलीला बसून भाकरी खात होते. एक घनमीटर ओली माती जवळजवळ दोन टन भरते. कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूसही स्वतःहून निघू शकत नाही. त्यानंतर गवंडीमामांनी बाजूंना फळ्या लावून आडवे टेकू दिले आणि काढलेली माती काठापासून 3 फूट दूर टाकायला लावली. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. वाचकांपैकी कोणी घरी विहीर, हौद वा शोषखड्डा खणणार असेल तर त्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

दगडाची भिंत

आमच्या जुन्या घराचे घडीव दगड परसात पडून होते. पिटच्या भिंतीला तेच वापरावेत, पैसे वाचतील, असे दादाचे म्हणणे. बाबा ऐकून गप्प झाले. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते विशीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसे झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती बहुतांशी स्वतःच्याच घरांखाली. आमच्या भागातील जुन्या भिंती दोन-दोन फूट जाड, पण मातीच्या गाऱ्यात रचलेल्या. बाहेरचा थर आणि आतला थर यांना एकत्र बांधणारे आरपार दगड त्यांत क्वचितच असत. त्यात डोक्यावर माळवदाच्या मातीचे ओझे. जमीन हादरताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले.

"मग दगड वाईटच म्हणायचा," मी म्हणालो. त्यावर गवंडीमामा म्हणाले, "दगडाचा काय दोष, बाळा? सांधणारं कुणी नव्हतं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. भूकंपानंतर गावोगाव घरांची दुरुस्ती झाली, तीत भिंतींत आरपार सांधे बसविण्यावर आणि कोपरे व भिंती बांधून घेणाऱ्या पट्ट्यांवर भर होता, तो याच कारणाने. आम्ही पिटच्या भिंती सळ्यांची जाळी घालून 6 इंच जाड काँक्रीटच्या केल्या. भिंतीबाहेरील जागेत काळी माती परत न टाकता मुरूम भरून चोपला. तळाला किंचित उतार देऊन एका कोपऱ्यात दीड फुटाचा छोटा हौद ठेवला, म्हणजे झिरपलेले पाणी तेथे जमते व उपसता येते. पाण्याची पातळी मे महिन्यात नव्हे तर शेजारच्या विहिरीला भाद्रपदात विचारावी, हाही गवंडीमामांचाच सल्ला. आणि आजोबांच्या घराचे ते दगड? ते तळाखाली सोलिंगला बसविले. ज्या दगडांनी एकदा घर सांभाळले नाही ते आता दादाच्या पायाखाली निमूट पडून आहेत.

पेवाचा दिवा

आता या लेखाच्या मुख्य भागाकडे वळू. गतवर्षी लोकसंस्कृतीच्या प्रकल्पासाठी मी आजीकडून पेवांची माहिती लिहून घेतली होती. पेव म्हणजे धान्य साठविण्याचे जमिनीतले कोठार. तोंड लहान, पोट मोठे. तळाला व बाजूंना कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. सांगलीजवळील हरिपूरला हळदीची अशीच पेवे प्रसिद्ध होती, 2005 च्या महापुराचे पाणी त्यांत शिरून मोठी हानी झाली. बंद पेवात धान्य टिकते याचे कारण मोठे मौजेचे आहे. धान्यही श्वास घेते. ते आतला प्राणवायू संपविते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. त्या हवेत किडे जगत नाहीत. परंतु जी हवा ज्वारीला राखते तीच माणसाला मारते. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असल्याने पेव उघडले तरी तो तळाशी बसून राहतो. आजीच्या माहेरी एक गडी असाच उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही राहिला. म्हणून रीत पडली. आजीच्या शब्दांत सांगायचे तर, "आदी दिवा सोडावा, मंग मानसानं उतरावं." दिवा विझला तर उतरायचे नाही. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत याच हेतूने कॅनरी पक्षी नेत असत, आणि ही पद्धत 1986 पर्यंत चालू होती.

या माहितीवर मला चांगले गुण मिळाले होते, आणि त्या गुणांचा मला थोडा अभिमानही झाला होता. पिट तयार झाल्यावर आठवडाभरातच एका संध्याकाळी वीज गेली. पिटवर एक पेट्रोलची मोटार उभी होती. तिच्या टाकीची नळी पाझरत होती म्हणून दादाने ती नुकतीच सोडविली होती आणि साहित्य आणण्यास तो बाहेर गेला होता. मला वाटले, परंपरेची आठवण करून देण्याची हीच वेळ. मी घरातून पेटता कंदील आणला आणि पिटच्या पहिल्या पायरीशी आलो. पाठीमागून दादाचा आवाज आला, "तिथंच थांब! पाऊल टाकू नको. माघारी फिर!" त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी मागे फिरलो. कंदील अंगणात नेऊन विझवीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

नंतर त्याने मला जे सांगितले ते असे. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती पाण्यासारखी खड्ड्यात उतरते आणि तळाशी साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी ठिणगीने भडका उडू शकतो. स्वयंपाकाचा गॅसही हवेहून जड, म्हणून गॅसवरची गाडी पिटवर घेताना तेवढेच जपावे लागते. म्हणजे पेवात जो दिवा जीव वाचवितो तोच पिटमध्ये जीव घेईल. शिवाय इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणसाला घातक ठरेल एवढ्या प्रमाणात तो असला तरी दिवा बिनतक्रार जळत राहतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. त्याच्याबाबत दिव्याची साक्ष खोटी.

रात्री मी आजीला सारे सांगितले. ती हसून म्हणाली, "आमच्या पेवात जवारी व्हती लेकरा, पेट्रोल न्हवतं."

मला वाटते माझ्या साऱ्या प्रकल्पात नसलेले ज्ञान या एका वाक्यात आहे. आजीने रीत सांगितली होती आणि मी रीतच पाठ केली. रीतीमागील कारण, म्हणजे खड्डा रिकामा दिसला तरी त्यात काय साचले आहे ते आधी पाहावे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. दगडाच्या बाबतीतही मी हेच केले. भिंत पडली म्हणून दगड वाईट, दिवा सोडत म्हणून दिवा चांगला. परंपरा डोळे मिटून स्वीकारणारा आणि डोळे मिटून टाकून देणारा, दोघेही कारण विचारीत नाहीत.

आता आमच्या पिटचे नियम दारावर रंगवून लावले आहेत. इंधनाच्या टाकीचे व नळीचे काम पिटवर नाही, उघड्यावर. पिटमध्ये माणूस असताना वर इंजिन चालू नाही. उतरण्यापूर्वी बाहेर ठेवलेल्या पंख्याने नळीवाटे ताजी हवा तळापर्यंत सोडायची. विडी-काडी नाही. दिवा 12 व्होल्टचा व बंद काचेचा, त्याची बॅटरी आणि बटणे पिटच्या बाहेर. काठाला उंच लोखंडी पट्टी, म्हणजे चाक घसरणार नाही. काम नसताना वर 2 इंच जाडीच्या फळ्या. जळके ऑइल पिपात साठवायचे आणि पुनर्वापरासाठी नेणाऱ्या परवानाधारकाला द्यायचे, ओढ्यात सोडायचे नाही, कारण ओढा तेरणेला मिळतो आणि धरणाचे पाणी परिसरातील गावे पितात. शेवटचा नियम आईने सांगितला : खाली कोणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी घ्यायची नाही, आधी हवा सोडायची आणि माणसे बोलवायची.

हा शेवटचा नियम केवळ गॅरेजचा नव्हे. मैल्याच्या टाक्यांत उतरणारी माणसे आजही अशीच एकामागून एक जातात. संरक्षक साधनांवाचून माणसाला अशा टाकीत उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तरीही बातम्या येतात. त्या वाचताना मला आजीच्या माहेरचे ते दोन गडी आठवतात. त्यांच्या मृत्यूतून गावाने एक दिवा तरी शिकून घेतला होता.

दादा आता ताठ उभा राहून काम करतो. त्याची पाठ दुखायची थांबली आहे, आणि आईही आता शेडकडे वारंवार डोकावत नाही. मी लोकसंस्कृतीच्या वहीतील पेवाचे प्रकरण पुन्हा लिहिले. पूर्वी त्यात "दिवा का सोडतात" या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर होते. आता ते चार पाने झाले आहे.