पांढऱ्या घोड्याचा पूल

लंडन शहराच्या वायव्य भागांत वेम्ब्लीचें प्रसिद्ध फुटबॉल-क्रीडांगण आहे. सध्याची इमारत २००७ सालीं खुली झाली. तींत ९०,००० प्रेक्षक बसूं शकतात. छपराचा पुष्कळसा भार १३४ मीटर उंचीच्या पोलादी कमानीनें तोलला असल्यामुळें दृष्टीआड येणारा एकही खांब आंत नाहीं.

क्रीडांगणाजवळील एका पुलास ‘पांढऱ्या घोड्याचा पूल’ म्हणतात. त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. २८ एप्रिल १९२३ रोजीं येथील जुन्या क्रीडांगणांत पहिला सामना होता. सोय सुमारें सव्वा लाखांची; परंतु त्याहून कितीतरी अधिक लोक आंत शिरले व खेळाची जागाही माणसांनीं भरून गेली. तेव्हां जॉर्ज स्कोरी नांवाचा पोलीस शिपाई ‘बिली’ ह्या आपल्या घोड्यावरून लोकांस हळूहळू मागें सारूं लागला. त्याच्या व इतर पोलिसांच्या श्रमानें मैदान मोकळें झालें. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला आणि बोल्टननें वेस्ट हॅमवर दोन गोलांनीं जय मिळविला. पुष्कळांस किरकोळ इजा झाली, पण प्राणहानि झाली नाहीं. पुढें ह्या अंतिम सामन्यास आधीं तिकीट काढल्यावांचून प्रवेश मिळेनासा झाला.

विद्यार्थिमित्रहो, त्या दिवशीं गोल करणाऱ्यांचीं नांवें थोड्यांसच ठाऊक असतील. घोड्याचें नांव मात्र पुलावर राहिलें आहे. अंगीं बळ असून तें संयमानें वापरणें, हीच खरी थोरवी होय.