एचडीआय सर्किट बोर्ड : पैसा नेमका कशाला पडतो?

चीनमधल्या ऑनलाइन कारखान्यांकडून १०० बाय १०० मिमीचे दोन लेयरचे पाच साधे बोर्ड पाच डॉलरच्या आत मिळतात, पाठवणावळ वेगळी. हीच चौकशी ‘एचडीआय’, म्हणजे दाट जोडणीच्या बोर्डासाठी केली की आकडा कितीतरी पटींनी वाढतो आणि छोटा उद्योजक किंवा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी गांगरतो. त्या आकड्याचा मोठा भाग आपण चिप निवडतो त्याच दिवशी ठरून गेलेला असतो. म्हणून कोटेशन मागण्याआधी हे वाचा.

आधी गरज तपासा

बीजीए चिपच्या पोटाखाली जोडणीचे गोळे असतात. दोन गोळ्यांमधल्या अंतराला पिच म्हणतात. ०.८ मिमी पिचची चिप साध्या मल्टीलेयर बोर्डावर व्यवस्थित बसते. ०.६५ ला काळजीपूर्वक आखणी करून बहुधा निभावते. ०.५ मिमीची चिप गोळ्यांनी भरलेली असेल तर मायक्रोव्हाया (व्हाया म्हणजे लेयर एकमेकांना जोडणारी छिद्रे; हे त्यातले अगदी बारीक) लागतातच, आणि ०.४ ला ते थेट पॅडमध्येच, म्हणजे गोळा ज्या तांब्याच्या ठिपक्यावर बसतो त्यात, पाडावे लागतात. तीच चिप मोठ्या पिचच्या पॅकेजमध्ये मिळते का, हे आधी पाहा.

दुसरा मार्ग तयार मॉड्यूलचा. रास्पबेरी पाय कॉम्प्यूट मॉड्यूल ४ हे ५५ बाय ४० मिमीचे आहे. प्रोसेसर आणि मेमरीची दाट वायरिंग त्यातच झालेली असते. खालचा बोर्ड आपण साधा ठेवू शकतो. शे-दोनशे नगांच्या कामाला हाच हिशेब बहुधा स्वस्त पडतो.

खर्च वाढवणाऱ्या गोष्टी

प्रेस किती वेळा : साधा मल्टीलेयर बोर्ड प्रेसमध्ये एकदाच दाबला जातो. आतल्या लेयरमध्ये पुरलेले व्हाया असले की आधी गाभा दाबायचा, ड्रिल करायचा, तांबे चढवायचे आणि मग बाहेरचे लेयर लावून पुन्हा दाबायचे. १+४+१ रचनेत (चार लेयरचा गाभा, दोन्ही बाजूंना एकेक लेयर) दाबणी दोनदा, २+४+२ मध्ये तीनदा. समजा, प्रत्येक फेरीत १०० पैकी ९५ बोर्ड चांगले निघतात. तीन फेऱ्यांनंतर ८६ च उरतात. बाद झालेल्यांचे पैसे आपल्याच दरात येतात. याउलट, पुरलेले व्हाया टाळून फक्त वरच्या दोन लेयरमध्ये मायक्रोव्हाया ठेवले तर सहा लेयरचा बोर्डही एका दाबणीत होतो. बचतीची सगळ्यात मोठी जागा हीच.

छिद्रे : ०.२ मिमीपर्यंतचे छिद्र यांत्रिक ड्रिलने आरामात पडते. ०.१५ मिमी आणि त्याखालचे मायक्रोव्हाया लेसरने पाडतात. पॅडमधले व्हाया भरून वर तांब्याची टोपी चढवावी लागते. ही पायरी वाढते, तसा खर्चही.

ट्रॅकची रुंदी : ०.१५ मिमीचा ट्रॅक नेहमीचा. ०.१ मिमी बरेच कारखाने करतात. ०.०७५ मिमीला मोजके कारखाने आणि जास्त दर. बारीक ट्रॅक चिपच्या खालीच ठेवा. बाकी बोर्डावर रुंद ठेवल्यास बाद होण्याचे प्रमाण घटते.

पॅनेलवरची जागा : कारखाना बोर्ड सुटे बनवत नाही, मोठ्या पॅनेलवर बनवतो. समजा, पॅनेलचा वापरता येणारा भाग ४३० बाय ५८० मिमी आणि दोन बोर्डांत २ मिमी अंतर आहे. १०५ बाय ८० मिमीचे २८ बोर्ड बसतात. रुंदी ११० केली तर आडवे फिरवूनही २५ च. पॅनेलचा आकार विचारून मगच बोर्डाचा आकार पक्का करा.

एकदाच पडणारा खर्च

टूलिंग आणि तपासणीचा सेटअप नग कितीही असोत, एकदा लागतोच. समजा तो २०,००० रुपये आहे. पाच नगांवर प्रत्येकी ४,००० बसतात, पाचशेंवर ४०. म्हणून हा आकडा कोटेशनमध्ये वेगळा मागा आणि तीच फाइल पुन्हा दिल्यास तो लागणार नाही ना, हे लेखी घ्या. आता अनेक कारखाने नक्षी लेसरने थेट बोर्डावर उमटवतात, फिल्म काढतच नाहीत. तिथे फिल्मचे शुल्क लावले असेल तर जरूर विचारा.

आयात करताना

बोर्डाच्या दरात कुरिअर, सीमाशुल्क सोडवणूक आणि १८ टक्के आयजीएसटी धरा. व्यवसायासाठी आयात-निर्यात कोड हवा. जीएसटी नोंदणी असेल तर भरलेला कर इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो. विद्यार्थ्याला तो खर्चच. मार्च २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या २२,९१९ कोटींच्या इलेक्ट्रॉनिक सुटे भाग योजनेत एचडीआय बोर्डांचाही समावेश आहे. त्यामुळे देशी कारखान्यांकडूनही कोटेशन मागवत राहा.

इथे काटकसर नको

एकावर एक रचलेल्या मायक्रोव्हायांबद्दल आयपीसी या उद्योग-संस्थेने २०१९ मध्ये इशारा दिला होता. सोल्डरिंगच्या उष्णतेत त्यांचा सांधा सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतो, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत दोष सापडत नाही; उपकरण गिऱ्हाइकाच्या हातात बंद पडते. शक्य तिथे व्हाया एकमेकांपासून सरकवून ठेवा. रचावेच लागले तर त्याच पॅनेलवरचे टेस्ट कूपन (तपासणीसाठीचा नमुना-तुकडा) सोल्डरिंगच्या तापमानाला तपासून घ्या आणि अहवाल मागा. प्रत्येक बोर्डाची विद्युत तपासणीही दरात आहे का, ते पाहा.

ऑर्डरआधी विचारा

• लेयरची रचना तुम्ही सुचवाल का? किती वेळा दाबणार?
• या दरात व्हाया भरणे, सोन्याचा मुलामा आणि तपासणी धरली आहे का?
• बोर्ड आयपीसीच्या क्लास २ चा की अधिक कडक निकषांच्या क्लास ३ चा?
• ५, ५० आणि ५०० नगांचा दर काय?

पहिला प्रश्न बोर्डाची आखणी सुरू करण्याआधी विचारा. आखणी झाल्यावर दरात घासाघीस करून जे वाचते, त्याहून कितीतरी जास्त त्या एका फोनने वाचते.