घटक ५ : जाहीर सूचना आणि परिसरवार्ता : भाषिक स्वरूप व उपयोजन

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सूचनांचे प्रमुख प्रकार सांगता येतील.
• जाहीर सूचनेच्या भाषेची वैशिष्ट्ये व्याकरणाच्या आधारे स्पष्ट करता येतील.
• सूचनेतील संदिग्ध जागा ओळखता येतील.
• जाहीर सूचनेवरून परिसरवार्ता लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराचा परिचय करून घेतला. पत्राला एक ठरावीक वाचक असतो. जाहीर सूचनेचे तसे नसते. ती सर्वांना उद्देशून लिहिलेली असते आणि म्हणूनच कित्येकदा कोणीच ती आपल्यासाठी आहे असे मानत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर, नगरपरिषदेच्या भिंतीवर, वृत्तपत्राच्या आतील पानावर ती असते. आपण तिच्यावरून नजर फिरवतो आणि पुढे जातो.

काही वर्षांपूर्वीच्या एका संपर्कसत्रात अंगणवाडी सेविका असलेल्या एका विद्यार्थिनीने सांगितलेली हकीकत येथे नमूद करतो. त्यांच्या वस्तीतील महिलांनी सार्वजनिक नळाची मागणी ग्रामसभेत मांडायचे ठरवले होते. सभेच्या दिवशी त्या पोहोचल्या तेव्हा पुरेशी उपस्थिती नव्हती. थोड्या वेळाने फलकावर कागद लागला : ‘गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब करण्यात आली आहे.’ खाली पुढील तारीखही होती. महिलांनी पहिली ओळ वाचली, सभा रद्द झाली असे समजून त्या परतल्या आणि त्या तारखेला शेतावर गेल्या. तहकूब सभा मोजक्या लोकांत पार पडली आणि नळ दुसऱ्या आळीसाठी मंजूर झाला. ‘तहकूब म्हणजे रद्दच ना, सर?’ हा त्यांचा प्रश्न वर्गात बराच वेळ रेंगाळला.

तहकूब म्हणजे रद्द नव्हे. तहकूब म्हणजे पुढे ढकललेली. महाराष्ट्रातील ग्रामसभेसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र ही अट नसते. म्हणजे ज्या सभेला जाणे सर्वांत आवश्यक, तिच्याविषयीचा शब्दच वाचकाला घरी पाठवत होता. एका शब्दाच्या अर्थावर एका वस्तीचे पाणी अवलंबून होते. प्रस्तुत घटकाचे महत्त्व यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

५.२ पार्श्वभूमी : संस्था, कायदा आणि भाषा

भारतातील आधुनिक स्थानिक स्वराज्याच्या संदर्भात लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाचा उल्लेख केला जातो. स्वातंत्र्यानंतर ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. या दोन्ही दुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले, तसेच तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद झाली. नागरिकांचा सहभाग ही कायद्याची अपेक्षा ठरली. सहभागासाठी माहिती लागते आणि माहितीसाठी भाषा.

भाषेच्या बाजूने पाहता, महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजातील मराठीच्या वापरासाठी राज्याने २०२२ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते आणि तसे करताना स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम विचारात घ्यायचे असते. मात्र ‘मराठीत असणे’ आणि ‘समजणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपण वरील उदाहरणात पाहिले.

५.३ सूचनांचे प्रकार

(अ) दवंडी : मौखिक सूचना. वाक्ये लहान, क्रियापद आज्ञार्थी किंवा भविष्यकाळी, ‘हो’सारखी हाक. ऐकणारा थांबून पुन्हा ऐकू शकत नाही, म्हणून मुख्य गोष्ट दोनदा सांगितली जाते.
(आ) जाहीर सूचना : लेखी व औपचारिक. कायदेशीर परिणाम असलेली.
(इ) विषयपत्रिका : सभेपुढील विषयांची क्रमवार यादी.
(ई) इतिवृत्त : सभेत काय झाले याची अधिकृत नोंद. ठराव, सूचक, अनुमोदक यांचा उल्लेख त्यात असतो.
(उ) प्रसिद्धिपत्रक : वृत्तपत्रांसाठी संस्थेने दिलेला मजकूर.
(ऊ) परिसरवार्ता : वार्ताहराने किंवा जाणत्या रहिवाशाने परिसरातील वाचकांसाठी लिहिलेली बातमी.

पहिल्या पाच प्रकारांत संस्था बोलते. सहाव्यात परिसर बोलतो. हा फरक ध्यानात ठेवावा.

५.४ जाहीर सूचनेची भाषिक वैशिष्ट्ये

पुढील नमुना अभ्यासासाठी तयार केला आहे.

‘या सूचनेद्वारे सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने प्रभाग क्र. ७ मधील पाणीपुरवठा गुरुवार रोजी बंद ठेवण्यात येणार असून शुक्रवार रोजी सकाळी कमी दाबाने पाणीपुरवठा होण्याची शक्यता आहे. सबब नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा व सहकार्य करावे.’

५.४.१ कर्त्याचा लोप

‘कळविण्यात येते’, ‘हाती घेण्यात येणार’, ‘बंद ठेवण्यात येणार’ ही तिन्ही रूपे ‘-ण्यात येणे’ या रचनेची आहेत. या रचनेत कर्ता सांगायचा असल्यास ‘कडून’ किंवा ‘तर्फे’ लावून सांगता येतो, परंतु तो गाळला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्णच राहते. कार्यालयाच्या दृष्टीने याला कारण आहे : निर्णय व्यक्तीचा नसून संस्थेचा असतो, व्यक्ती बदलली तरी निर्णय टिकतो. तेव्हा ही रचना म्हणजे केवळ लपवाछपवी असे मानणे अन्यायाचे होईल. तथापि वाचकाला तक्रार कोणाकडे करायची हे कळत नाही, हा तिचा परिणामही खरा आहे.

याच नमुन्यात एक गोष्ट पाहा. संस्थेच्या कृती सांगताना कर्ता नाही. परंतु ‘नागरिकांनी साठा करावा’, ‘सहकार्य करावे’ येथे कर्ता स्पष्ट आहे. कामे कोणाकडूनतरी होतात, कर्तव्ये मात्र नागरिकांची असतात, असा अर्थ वाक्यरचनेतूनच उमटतो.

५.४.२ विध्यर्थाची संदिग्धता

‘-वा’, ‘-वी’, ‘-वे’ ही विध्यर्थी रूपे विनंती, उपदेश, इच्छा आणि कर्तव्य असे अनेक अर्थ दाखवतात. ‘साठा करून ठेवावा’ हा सल्ला आहे. ‘थकबाकी भरावी’ हे मात्र कर्तव्य असू शकते. पुढे ‘अन्यथा’ आले की विनंतीचा रंग जातो आणि सक्ती उघड होते. म्हणून सूचना वाचताना विध्यर्थी क्रियापदानंतरचे वाक्य कधीही सोडू नये.

५.४.३ शब्दसंग्रहाचे थर

‘जाहीर सूचना’ या नावातच दोन परंपरा शेजारी आहेत : ‘जाहीर’ अरबी-फारसीतून आलेला, ‘सूचना’ संस्कृत. मुदत, हरकत, दाखला, मंजूर, तहकूब, सबब हे शब्द पहिल्या थरातले; प्रभाग, गणपूर्ती, इतिवृत्त, अधिनियम हे दुसऱ्या थरातले; वॉर्ड, टॅक्स, नोटीस हे इंग्रजी राजवटीतून आलेले. राज्यकारभाराच्या मराठीत पर्यायी शब्द योजण्याचा प्रयत्न शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून दिसतो. ‘महापौर’ या शब्दाचे श्रेय वि. दा. सावरकर यांना दिले जाते. राज्यनिर्मितीनंतर शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे काम पुढे नेले.

कोणता थर ‘शुद्ध’ हा येथे प्रश्न नाही. ‘मुदत’ परका वाटत नाही आणि ‘गणपूर्ती’ संस्कृत असूनही अनेकांना परकी वाटते. शब्द आपला होतो तो वापराने, केवळ व्युत्पत्तीने नव्हे.

५.४.४ ‘सूचना’ : एक शब्द, दोन दिशा

‘जाहीर सूचना’मध्ये सूचना म्हणजे संस्थेने नागरिकांना दिलेली माहिती. परंतु विकास आराखड्याच्या किंवा प्रभागरचनेच्या प्रारूपासोबत ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे वाक्य येते. तेथे सूचना म्हणजे नागरिकांनी संस्थेला सुचवलेली गोष्ट. पहिल्या अर्थी आपण ऐकणारे असतो, दुसऱ्या अर्थी बोलणारे. एकच शब्द दोन दिशांनी प्रवास करतो. हा दुसरा अर्थ अनेक वाचकांच्या लक्षातच येत नाही. हरकत नसली तरी सूचना देता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

५.४.५ कालमर्यादा

‘१५ दिवसांच्या आत’ हा शब्दप्रयोग कोणत्या दिवसापासून मोजायचा? सूचनेच्या दिनांकापासून, ती प्रसिद्ध झाल्यापासून, की वाचकाच्या हाती पडल्यापासून? चांगल्या सूचनेत हे स्पष्ट असते. त्याहून चांगल्या सूचनेत अखेरची तारीख, वार आणि वेळ थेट दिलेली असते. मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेतली जात नाही. त्यामुळे येथील संदिग्धता वाचकालाच महाग पडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. नमुना सूचनेतील ‘-ण्यात येणे’ या रचनेच्या प्रत्येक वाक्यांशात कर्ता घालून वाक्ये पुन्हा लिहा.
२. ‘सूचना’ या शब्दाचे दोन अर्थ प्रत्येकी एका वाक्यात उपयोजून दाखवा.

५.५ सूचनेवरून परिसरवार्ता

परिसरवार्ता म्हणजे सूचनेचे सोपे भाषांतर नव्हे. सूचना संस्थेच्या क्रमाने चालते : कारण, निर्णय, आवाहन. वार्ता वाचकाच्या गरजेच्या क्रमाने चालते : काय होणार, कोणाला, केव्हा, का, आणि काय करावे. नमुना सूचनेवरून तयार केलेली वार्ता पाहा.

‘गुरुवारी पाणी नाही, शुक्रवारी सकाळी कमी दाबाची शक्यता

मारुती मंदिरामागचा भाग, कुंभारवाडा आणि स्टेशन रस्त्यालगतची वस्ती (प्रभाग ७) येथे येत्या गुरुवारी नळाला पाणी येणार नाही. नगरपरिषदेचा पाणीपुरवठा विभाग मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती करणार आहे. शुक्रवारी सकाळी पाणी कमी दाबाने येण्याची शक्यता आहे. रहिवाशांनी बुधवारीच पाणी भरून ठेवावे, असे आवाहन विभागाने केले आहे.’

येथे चार बदल झाले आहेत. पहिला : कर्ता परत आला, विभागाचे नाव घेतले गेले. दुसरा : प्रभागाचा क्रमांक कंसात गेला आणि लोकांच्या तोंडची स्थळनामे पुढे आली. क्रमांक कार्यालयाचा नकाशा दाखवतो, स्थळनाम राहणाऱ्याचा. प्रभागरचना बदलते तेव्हा क्रमांक बदलतात, कुंभारवाडा तेथेच असतो. तिसरा : ‘साठा करून ठेवावा’ याला दिवस मिळाला. चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा, बदल न करण्याचा आहे : ‘शक्यता आहे’ हे ‘येईल’ झाले नाही. मूळ मजकुरातील निश्चितीचे प्रमाण वार्तेत वाढवू किंवा घटवू नये.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. विभागाचे नाव, स्थळनामे आणि बुधवार हे तपशील मूळ सूचनेत नाहीत. ते विचारून घ्यावे लागतात. टँकरची सोय आहे काय, उंच भागातील घरांना पाणी केव्हा पोहोचेल, असे प्रश्नही सूचनेच्या मौनातूनच सुचतात. विचारल्याशिवाय घातलेला तपशील म्हणजे अफवा. मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो.

५.६ सारांश

जाहीर सूचनेची भाषा औपचारिक, कर्तृलोपी आणि मिश्र शब्दसंग्रहाची असते. तिच्या रचनेमागे कार्यालयीन कारणे आहेत, परंतु त्याच रचनेमुळे वाचकाला जबाबदारी, सक्ती आणि मुदत ओळखणे कठीण होते. परिसरवार्ता कर्ता, स्थळ आणि वेळ पुन्हा वाचकासमोर आणते. मात्र मूळ अर्थाशी प्रामाणिक राहण्याचे बंधन तिच्यावर असते.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१. जाहीर सूचनेच्या भाषेची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा. (३०० शब्द)
२. ‘तहकूब’, ‘रद्द’ आणि ‘बरखास्त’ या शब्दांतील अर्थभेद सांगा. तिन्ही शब्द सभेच्या संदर्भात वापरून वाक्ये करा.
३. टिपा लिहा : (अ) विध्यर्थ व सक्ती (आ) परिसरवार्तेतील स्थळनामे.

५.८ उपक्रम

तुमच्या ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभाग कार्यालयाच्या फलकावरील एक सूचना अक्षरशः उतरवून घ्या. त्यातील कठीण शब्द अधोरेखित करा. नंतर ती घरातील किंवा शेजारच्या अशा एका व्यक्तीला वाचून दाखवा, जिला त्या सूचनेचा प्रत्यक्ष परिणाम भोगावा लागणार आहे. तिला काय समजले ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मूळ मजकूर आणि तिचे शब्द यांत जेथे अंतर आढळेल, तेथून तुमच्या वार्तालेखनाला सुरुवात करा. दोन्ही मजकूर संपर्कसत्राला सोबत आणावेत, ही विनंती. येथील विध्यर्थ विनंतीचाच आहे. पुढे ‘अन्यथा’ नाही.