कामथडी ते कास

पुणे-सातारा महामार्गाच्या काठी, भोर तालुक्यात, कामथडी हे गाव वसले आहे. रस्त्यावर वाहनांची वर्दळ अहोरात्र चाललेली असते. परंतु भाद्रपद-आश्विनात येथून साताऱ्याकडे जाणाऱ्यांत दोन प्रकारचे प्रवासी विशेष असतात. कोणी कासच्या पठारावरील फुले पाहावयास निघालेला असतो, तर कोणी साताऱ्याच्या डोंगरावर धावण्याच्या शर्यतीत भाग घेण्यास निघालेला असतो. साताऱ्यापर्यंतचे अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तेवढ्या प्रवासात सह्याद्रीच्या पायथ्याचा मोठा मनोहर प्रदेश नजरेखालून जातो.

हाताशी वेळ असेल तर प्रवाशाने आधी जवळच्याच नसरापूर येथील बनेश्वरास जाऊन यावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी बांधलेले शिवमंदिर येथे आहे. त्याभोवती दाट झाडी राखून वनखात्याने वनोद्यान केले आहे. पावसाळ्यात शिवगंगा नदी मंदिरामागच्या खडकांवरून फेसाळत उडी घेते, आणि बोलण्याचा आवाजही तिच्या नादात बुडून जातो.

पुन्हा महामार्गाला लागल्यावर थोड्याच वेळात नीरा नदी आडवी येते. पुणे जिल्हा तेथे संपतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो. शिरवळ मागे पडते, खंडाळा येते, आणि मग खंबाटकीचा डोंगर वाट अडवून उभा राहतो. हा डोंगर ओलांडला की प्रवासी कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो. भुईंजजवळ कृष्णा आणि साताऱ्याच्या अलीकडे वेण्णा ओलांडल्यावर अजिंक्यतारा किल्ला दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी सातारा शहर पसरले आहे.

येथे २०१२ सालापासून दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस अर्धमॅरेथॉन शर्यत होते. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. हे माप १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले व पुढे तेच कायम झाले. अर्धमॅरेथॉन म्हणजे त्याच्या निम्मी, २१ किलोमीटरांहून किंचित अधिक. एवढे अंतर सपाट रस्त्यावरही थोडे नव्हे. मग साताऱ्याची शर्यत तर डोंगरावर चढते! पहाटेच्या धुक्यात हजारो धावपटू शहरातून निघतात. दुतर्फा उभे असलेले लोक ढोल-ताशे वाजवून त्यांना धीर देतात. शहर संपले की यवतेश्वराचा घाट लागतो. वळणामागून वळण येते, आणि प्रत्येक वळणावर खाली राहिलेले शहर अधिक लहान दिसू लागते. २०१५ साली या शर्यतीची नोंद, एकाच डोंगरावर सर्वाधिक माणसे धावण्याचा विक्रम म्हणून, गिनेसच्या पुस्तकात झाली.

चढावर धावणे हे केवळ पायांच्या बळाचे काम नाही. चढताना प्रत्येक पावलाला आपले सारे शरीर वर उचलावे लागते. स्नायूंना प्राणवायू अधिक लागतो आणि श्वास जलद होतो. ज्याने आरंभीच जोर करून सारी शक्ती खर्चली, तो निम्म्या घाटात कमरेवर हात ठेवून उभा राहतो. जाणता धावपटू पावले आखूड टाकतो, वेग उतरवतो आणि दम राखून ठेवतो. पुष्कळांना वाटते की एकदा माथा गाठला म्हणजे काम सोपे झाले. तसे मुळीच नाही. उतारावर शरीर आपोआप पुढे लोटले जाते व मांडीच्या स्नायूंना प्रत्येक पावलास त्याला आवरून धरावे लागते. ताणले जात असतानाच जोर लावणे स्नायूंना फार जाचते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुखतात त्या मांड्या, आणि त्या चढाने नव्हे, तर उतारानेच.

सातारा जिल्ह्याने एक थोर धावपटू भारताला दिली आहे, तिचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. जिल्ह्याचा पश्चिम भाग धो धो पावसाचा, पण पूर्वेकडील माण तालुका अवर्षणाचा. त्या माणमधील मोही गावच्या ललिता बाबर हिने २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत ती दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिंपिकच्या धावमार्गावर वैयक्तिक शर्यतीत तेथवर पोहोचलेली भारतीय स्त्री ती हीच. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे ओलांडावे लागतात व सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. पाण्याला पारख्या झालेल्या मुलखातील मुलीने ही शर्यत आपली मानावी, ही गोष्ट नवलाची खरी!

यवतेश्वराच्या घाटमाथ्यापुढे रस्ता डोंगराच्या सोंडेवरून पश्चिमेकडे जातो. उजव्या हातास खोल दरीत कण्हेर धरणाचे पाणी चकाकते, डावीकडे उरमोडीचे. शर्यतीतील धावपटू या रस्त्याने काही अंतर जाऊन मागे वळतात. कासचे पठार साताऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर असल्याने शर्यत तेथवर पोहोचत नाही, आणि हे एका परीने बरेच आहे. कारण हजारो पावलांचा भार डांबरी रस्ता सोसू शकतो, पठार सोसू शकत नाही.

असे का, हे समजण्यासाठी पायाखालची जमीन पाहिली पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा खडक झाला. ऊनपावसाने त्याच्या माथ्याचे रूप पालटून तांबडा जांभा बनला. समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर कासचे पठार म्हणजे अशा जांभ्याचीच एक विस्तीर्ण फरशी आहे. तिच्यावर माती आहे ती कोठे बोटभर, कोठे चार बोटे, तर कोठे मुळीच नाही. उन्हाळ्यात हे पठार पाहणाऱ्यास तेथे कधी काही उगवत असेल असे वाटत नाही. तापलेला खडक, वाळलेले गवत आणि सुसाट वारा. वाळू नाही एवढेच, एरवी ते वाळवंटच.

मृगाचा पाऊस पडला की याच खडकाला जाग येते. खळग्यांत पाणी साचते, भेगांतील बिया व मातीखालचे कंद अंकुरतात, आणि तीन-चार महिन्यांत उगवणे, फुलणे व बी धरणे हे सारे उरकून घेण्याची एकच घाई उडते. सप्टेंबरात पठार निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांनी झाकून जाते. तेरडा, सोनकी, गेंद आणि चवर ही नावे येथील गुराख्यांच्या मुलांनाही ठाऊक असतात. वायतुरा नावाच्या एका वनस्पतीच्या शास्त्रीय नावात तर साताऱ्याचेच नाव गुंफलेले आहे. टोपली कारवी सात-आठ वर्षे केवळ पाने धरून राहते आणि मग एकाच हंगामात सगळीकडे फुलते.

सर्वांत चमत्कारिक मात्र सीतेची आसवे. नाजूक, निळसर-जांभळी अशी ही फुले पाहून कोणाला शंकाही यावयाची नाही की हे रोप शिकारी आहे! त्याला खरी मुळे नसतात. मातीत पसरलेल्या तंतूंवर अगदी बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवीचे दार उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. जांभ्यावरील मातीत नत्र फार थोडे, म्हणून या वनस्पतीने ते मिळवण्याची ही युक्ती काढली. तिची शेजारीण दवबिंदू हीही किडे धरते; तिच्या पानांवरील चिकट थेंब दवासारखे चमकतात.

कासवर सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटास जागतिक वारसा ठरवले, तेव्हा महाराष्ट्रातील कोयना, चांदोली व राधानगरी यांच्याबरोबर कासचाही त्यात समावेश झाला. कीर्ती पसरली तशी गर्दी उसळली. फुलांत बसून छायाचित्रे काढण्याचा लोकांना मोह आवरेना, आणि चार बोटे मातीवर पाऊल पडले की तेथील रोपेच काय, पुढच्या वर्षीचे बीही चेंगरते. मग पठारास तारेचे कुंपण घालण्यात आले. माणसांचे पाय थांबले, पण गुरांचेही थांबले. पूर्वी गुरे चरत, त्यामुळे गवत आखूड राहून लहान फुलांना ऊन मिळे. कुंपणाआड गवत माजले व फुलेच कमी दिसू लागली, असे गावकरी व अभ्यासक म्हणू लागले. अखेर २०२२ च्या सुमारास कुंपण काढण्यात आले. ज्यांच्या खुरांनी पठार बिघडेल असे भय होते, तीच गुरे त्याचे राखणदार निघाली.

कासच्या रक्षणाचे काम वनखात्याबरोबर आसपासच्या गावांच्या समित्या करतात. हंगामात रोजच्या पाहुण्यांची संख्या ठरवून दिलेली असते व पायवाटेबाहेर जाऊ दिले जात नाही. गावातील स्त्री-पुरुष पाहुण्यांना वाट दाखवतात, फुलांची नावे सांगतात आणि कोणी वाट सोडली तर हटकतात. समोरच्या कास तलावातून सातारा शहराच्या एका भागास पिण्याचे पाणी जाते.

ऑक्टोबर सरता सरता पाणी आटते आणि पठार हळूहळू तपकिरी होत जाते. गाड्यांची रांग नाहीशी होते. साताऱ्यातील धावपटू मात्र पहाटे यवतेश्वराच्या घाटात सरावासाठी येतच असतात. आणि वरच्या खडकाच्या भेगांत, बोटभर मातीखाली, कंद पुढच्या मृगापर्यंत निजून राहतात.